अक्कांचा पेपर

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायला आणि परीक्षेत त्यांचे पेपर लिहायला स्वयंसेवक हवे होते. मी नाव दिलं. माळशिरसकडच्या खेड्यातून सोलापुरात येऊन मला वर्ष होऊन गेलं होतं, पण हॉस्टेल, कॉलेज आणि झेरॉक्सचं दुकान यापलीकडे मी शहर पाहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मला बाहेर पडायला निमित्त हवं होतं.

माझ्याच वयाची एखादी मुलगी असेल, असं वाटलं होतं. पत्ता भवानी पेठेतला निघाला आणि दार उघडलं चाळिशी ओलांडलेल्या बाईंनी. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. लहानपणी अंधशाळेत ब्रेल शिकल्या, मग बरीच वर्षं घरकामात गेली, आणि भावाची मुलं हाताशी आल्यावर त्यांनी पुन्हा पुस्तकं धरली. आता बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. घरात बोलणं तेलुगूत चाले. सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले.

"आवाज मोठा आहे का तुझा?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

का, ते लगेच कळलं. मागच्या खोलीत भावाचे टॉवेल विणायचे दोन यंत्रमाग होते. त्या खडखडाटात मी राज्यशास्त्र अक्षरशः ओरडून वाचायचे आणि अक्का मांडीवर ब्रेलची पाटी घेऊन टोचत टोचत टिपणं काढायच्या. महिनाभरात माझा घसा बसला आणि भावाचा अभ्यास पक्का झाला. एकदा जीविताच्या हक्काचा अनुच्छेद अक्कांना आठवेना. मागावरून आवाज आला, "एकवीस!"

"तू टॉवेलाकडे बघ!" अक्का ओरडल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

माझी गावाकडची भाषा त्यांना फार आवडायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी बजावलं, "पेपरात 'नाही' लिही हं. 'न्हाय' लिहिलंस तर मार्क माझे जातील."

"न्हाय लिहिणार, अक्का."

"बघा! लिहिणारच म्हणते!"

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली आणि एक पर्यवेक्षक बाई मिळाल्या. नियम साधा होता. अक्का सांगतील तेवढंच लिहायचं, मध्ये आपलं काही बोलायचं नाही. पहिला दीड तास छान गेला. मग संसदेवरचा प्रश्न आला आणि अक्का सांगू लागल्या, "राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही."

माझं पेन थांबलं. पाच वर्षांनी सगळंच विसर्जित होतं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एवढ्या मेहनतीनंतर अक्का चुकतायत आणि मला तोंड उघडता येत नाही!

"लिहिलंस?"

"लिहिते, अक्का."

त्यांनी क्षणभर मान तिरकी केली आणि शांतपणे पुढे सांगितलं, "दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात." मी तेही लिहिलं.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "अक्का, ते राज्यसभेचं चुकलं की हो!"

"तुझं पेन थांबलं तेव्हाच म्हटलं, पोरीला काहीतरी खटकलंय. अगं, पाच वर्षांची ती लोकसभा! मला तिन्ही वर्षं तेच वाचून दाखवलंय सगळ्यांनी. तू नुसती ओरडत होतीस, कानावर कधी घेतलंस?"

मी तिथंच मोबाइलवर शोधलं. अक्का बरोबर होत्या. शरमेपेक्षा आनंदच जास्त झाला. बरं झालं तोंड उघडलं नाही! मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या फिदीफिदी हसत रिक्षा शोधायला निघालो.

निकाल लागला तेव्हा मी सुट्टीला गावी होते, उसाला पाणी देत. अक्कांचा फोन आला. "पहिला वर्ग!" एवढंच त्या म्हणाल्या. मी अशी किंकाळी फोडली, की आई खुरपं घेऊन धावत आली.

"काय झालं गं? साप हाय का? कुटं हाय?"

"साप न्हाय गं! अक्का पास झाल्या!"

आईला त्या कोण ते माहीत नव्हतं. बांधावर बसून सगळं सांगितलं, तशी तिनं पदराला हात पुसून फोन स्वतःकडे घेतला. "बाई, तुमी लई शिकलासा. आता आमच्याकडं या की चार दिस."

दिवाळीनंतर त्या खरंच आल्या. आल्या दिवशीच आईनं त्यांना पाटाच्या कडेला नेऊन बसवलं. पाय पाण्यात सोडून अक्का दातांनी ऊस सोलत होत्या, आई त्यांना शेतातल्या पाखरांचे आवाज ओळखायला शिकवत होती, आणि मी मधे बोलले की दोघी मिळून मला गप्प करत होत्या.