पाडायचे विषय

मारिफेच्या कॉलेजात संशोधनाचा विषय मंजूर करून घ्यायला तीन विषय न्यावे लागत. एक खरा, दोन पाडायचे. काहीतरी पाडल्याशिवाय समितीला आपण समिती आहोत असं वाटतच नाही, हे अख्ख्या कापिझ प्रांतातल्या पोरांना ठाऊक. शिवाय समितीपुढे रिकाम्या हातानं जायचं नसतं. म्हणून मारिफेच्या आईनं पहाटेच उठून पान्सितच्या शेवया परतल्या, पिठाच्या पारीत सारण गुंडाळून ढीगभर लुम्पिया तळल्या.

मारिफेचा खरा विषय होता पाण्याचा. मासळीतळ्यांचे बांध उंच केल्यापासून भरतीचं पाणी त्यांच्या वस्तीत का शिरतं? पाय खाटेवर घेऊनच ती लहानाची मोठी झाली होती, आणि आई चूल बाकावर चढवून रांधत आली होती. हे कुणीतरी एकदाचं नीट शोधून लिहावं, एवढंच तिला हवं होतं. बाकीचे दोन विषय तिनं जेवता जेवता खरडले.

समितीचे प्रमुख ओर्तालेझ सर. त्यांनी लुम्पिया तोंडात टाकली आणि कागदावर ओझरती नजर टाकली.

"पाणी? यावर आधी कुणी अभ्यास केलाय?"

"नाही सर, म्हणूनच तर..."

"मग संदर्भ कुठून देणार, कपाळातून? नको. हा तिसरा घे. 'कॅन्टीनच्या जेवणाबाबत विद्यार्थ्यांचे समाधान.' झकास! ते व्हिनेगर सरकव जरा."

पाणी घरात शिरलं, पण पुस्तकात शिरलं नाही, म्हणून ते पाणीच नव्हे! मारिफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तो विषय पाडायला ठेवला होता."

चावणारी तोंडं थांबली. एका मॅडमनी डोळे वटारले.

"आम्हीही असेच पास झालो, बाई," ओर्तालेझ सर म्हणाले. "कॅन्टीन घे, नाहीतर पुढच्या सत्रात ये."

"येते," म्हणून ती उठली. उरलेलं पान्सित समितीनं घरी न्यायला पिशव्यांत भरून घेतलं. त्याची लाज कुणाला वाटली नाही.

मैत्रिणी पदवी घेऊन मोकळ्या झाल्या, ही मागे राहिली. आईनं तोंडाचा पट्टा सोडला, "कॅन्टीन तर कॅन्टीन! तुझं काय जात होतं गं?" त्याच आठवड्यात मोठी भरती आली. आई चूल बाकावर चढवू लागली आणि त्यानंतर तिनं कॅन्टीनचं नाव काढलं नाही.

पुढच्या सत्रात आई पुन्हा पीठ मळायला बसली, तशी मारिफेनं परात ओढून घेतली.

"नको, नानाय. या खेपेला भुकेल्या पोटी वाचू दे त्यांना."

तिन्ही विषय पाण्याचेच नेले, पाडायला एकही नाही. ओर्तालेझ सरांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून कागद हातात घेतला. शेवटपर्यंत वाचला. मान डोलावली, सही ठोकली.

"उत्तम विषय आहे," ते म्हणाले. "अगं, मग हा आधीच का नाही आणलास?"