बगळ्याचा शेवटचा बॉल

बगळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता त्याच्या बायकोशिवाय कुणाला धड आठवत असेल असं वाटत नाही, आणि तीही ते घेत नाही, "अहो" म्हणते. माणूस उंच, काटकुळा, मान कायम जरा पुढे काढलेली. पूलच्या टेबलावर वाकला की इतका स्तब्ध व्हायचा, की बघणाऱ्याला वाटावं, डुलकी लागली की काय याला. मग क्यू, म्हणजे हातातली काठी, एकदाच पुढे जायचा आणि बॉल पॉकेटात गेलेला असायचा. क्लबवाल्याने त्याला पहिल्यांदा बगळा म्हटलं तेव्हा तो खूश झाला होता. तेव्हा तो कशानेही खूश व्हायचा.

लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलीच्या मामीने विचारलं, "मुलगा काय करतो?" "खेळतो," असं उत्तर आलं. मामी म्हणाली, "ते कळलं हो, खेळू दे की. पण करतो काय?" त्यावर आख्ख्या घराची हसता हसता पुरेवाट झाली. मुलगी मात्र हसली नाही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, स्वतःच्या पायावर उभी होती, आणि तिला हा लांब मानेचा, आपण होऊन विनोद करणारा माणूस मनापासून आवडला होता. लग्नानंतर ती त्याच्या एकूण एक सामन्याला गेली. खेळातलं तिला फारसं काही कळत नसे, पण नवरा दिसायचा, आणि तेवढं तिला पुरायचं.

तसा हा नऊ बॉलचा खेळ सांगायला अगदी सोपा. टेबलावर एक ते नऊ आकड्यांचे बॉल. पांढऱ्या बॉलने सगळ्यांत लहान आकड्याला आधी शिवायचं, चुकलं की पाळी समोरच्याची, आणि ज्याने नऊ नंबर पॉकेटात घातला त्याचा डाव. आधीचे आठही तुम्ही घातलेत आणि नववा समोरच्याने घातला, तर तुमची सगळी मेहनत पाण्यात. ज्या अंतिम सामन्यासाठी बगळ्याने जिवाचं रान केलं होतं, त्याच्या शेवटच्या डावात आठही बॉल त्यानेच घातले. नववा पॉकेटाच्या तोंडाशी, फुंकर मारली तरी पडेल असा. लोक टाळ्यांसाठी हात वर करून बसलेले. तो वाकला. क्यू मागे गेला, पुढे आला, मागे गेला, पुढे आला, आणि बॉलला शिवेचना. हात पुढेच जाईना. हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. शेवटी त्याने कसाबसा हिसका दिला, आणि पांढरा बॉल नवव्याच्या शेजारून निघून गेला.

समोरच्याने उठून नववा घातला आणि चषक घेतला. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण पुढच्या स्पर्धेत तेच, त्याच्या पुढच्या स्पर्धेत तेच. डॉक्टर झाले, नसांच्या तपासण्या झाल्या. हाताला काहीही झालेलं नव्हतं. एक डॉक्टर तर म्हणाला, "टेन्शन घेऊ नका." अरे वा! हे ऐकायला फी भरून जायचं आणि वर रांगेत बसायचं! एकट्याला कितीही खेळवा, हात लोण्यासारखा चालायचा. चार माणसं बघायला उभी राहिली आणि बॉल महत्त्वाचा असला, की संपलं. एक दिवस त्याने क्यू पेटीत घातला, पेटी कपाटावर टाकली आणि क्लबवाल्याला म्हणाला, "टेबलांचं काही काम असेल तर दे."

तेव्हापासून तो टेबलांना कापड घालतो. जुनं कापड सोलायचं, खालच्या दगडी फरशा पाणसळीने समतल करायच्या, सांध्यांत मेण भरायचं, वर नवं कापड असं ताणायचं की चिमटीत येता कामा नये. काम चोख. त्याने घातलेल्या कापडावर सुरकुती शोधून दाखवा. ज्या टेबलांवर आपण मान खाली घातली, त्याच टेबलांच्या खाली हा माणूस वर्षानुवर्षं उताणा पडून नट आवळत राहिला, आणि वर कोण काय खेळतंय ते बघायला एकदाही उठला नाही.

पण बायकोचं दुःख ते नव्हतं. खेळ गेला तर गेला, खड्ड्यात जाऊ दे म्हणाली असती. दुःख हे, की त्या एका बॉलच्या पायी तिच्या घरातला माणूस गेला. त्याने गाडी चालवणं सोडलं. दारावर कुणी आलं तर हा आतल्या खोलीत. पाहुण्यांसमोर चहाचा कप उचलायचा नाही, हात अडकला तर? भावाच्या मुलीच्या शाळेत दोन शब्द बोलायला बोलावलं, तर ताप आला. प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "तू कर." ती करत गेली. गाडी शिकली, बँक बघितली, नळ दुरुस्त करणाऱ्याशी भांडली. चार लोकांत हा बोलायला लागला की घड्याळ बघावं लागायचं, असा बोलका माणूस, आणि आता जेवताना मीठ हवं असेल तरी मागायचा नाही. ती कधीकधी दुकानातल्या मागच्या खोलीत जाऊन रडायची आणि तोंड धुऊन परत गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायला यायची.

मग एकदा तो चष्मा घरीच विसरून एका कंपनीच्या करमणूक हॉलमध्ये कामाला गेला. ती दुपारच्या सुट्टीत चष्मा द्यायला गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत तो एकटा, भिंतीवरचा कुणाचा तरी वाकडा क्यू काढून खेळत होता. एकामागून एक बॉल पॉकेटात जात होते, आणि तो स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता. नीट ऐकलं तेव्हा तिला कळलं, तो बॉलांची चेष्टा करत होता. "चला मालक, घरी चला," असं पाच नंबरला म्हणत होता. हा आवाज तिने किती काळात ऐकला नव्हता! ती दाराबाहेर तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

त्या दिवसापासून तिने त्याच्या मागे पुन्हा खेळायचा लकडा लावला. तो नाही म्हणाला, ती गप्प बसली नाही. तो चिडला, ती त्याच्यावर चिडली. शेवटी ती एवढंच म्हणाली, "जिंकू नका हो. हरा. सपाटून हरा. पण एकदा लोकांसमोर नऊ नंबर मारा, हात न अडकता. मग पुन्हा कधी नाव काढणार नाही." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "एकदाच." तिने तिथल्या तिथे क्लबवाल्याला फोन लावला. उगाच उद्यावर ढकललं आणि हा फिरला म्हणजे?

क्लबवाल्याने रविवारी दुपारी सामना ठेवला. प्रेक्षकांत ती, आणि तिच्या शेजारी तिचा धाकटा दीर. हा दीर मालाची व्हॅन चालवतो आणि बोलतोही हॉर्न वाजवल्यासारखा. "वहिनी, आज दादा फोडणार बघ!" असं त्याने आल्यापासून एवढ्यांदा म्हटलं, की पुढच्या रांगेतला माणूस उठून दुसरीकडे बसला. समोर खेळणारा तिशीतला, पांढऱ्या बुटांचा, नम्र. त्याने वाकून बगळ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "सर, लहानपणी तुम्हाला बघून खेळायला लागलो." बगळा कसनुसं हसला.

पंचाने नियम वाचले. त्यातला एक इथे सांगायलाच हवा. पूलचा क्यू दोन तुकड्यांचा असतो, मधोमध पेचाने जोडलेला. जुन्या खेळाडूंची एक रीत होती. समोरच्याला शेवटचा सोपा बॉल राहिला, की बसलेल्याने आपला क्यू पेचातून सोडायचा. म्हणजे, बाबा, डाव तुझा, मी मान्य केलं. मोठ्या मनाचं लक्षण समजत ते. पण पंचाने बजावलं, की बरोबरीनंतरच्या निर्णायक डावात कुणी क्यू सोडला तर ती हार धरली जाईल, मग पुढे काहीही होवो. बगळ्याने मान डोलावली. त्याला हे नवीन नव्हतंच.

आणि खेळ सुरू झाला. पहिले दोन डाव गेले. तिसऱ्यात बगळा वाकला, स्तब्ध झाला, आणि नऊ नंबर गेला की! दीर खुर्चीवरून उडालाच. पण तिला माहीत होतं, हा बॉल महत्त्वाचा नव्हता, मागे पडलेल्याचा बॉल होता. मग तो चढतच गेला. कापडाचा तर तो राजा. बॉल कुठे सरकेल, कुठे अडेल, सगळं तळहातावरच्या रेषांसारखं ठाऊक. बरोबरी झाली. निर्णायक डाव उरला.

तो डाव पांढऱ्या बुटांच्या त्या खेळाडूने सुरू केला. एकेक करत आठ नंबरपर्यंत साफ केलं. राहिला नववा, सरळ, मधल्या पॉकेटासमोर. शिकाऊसुद्धा दहातल्या नऊ वेळा घालेल असा. तिने टेबलाकडे बघितलं नाही. ती आयुष्यभर नवऱ्याकडेच बघत आली होती, आत्ताही तिकडेच बघत होती. आठ नंबर पडायच्या आधीच, पांढरे बूट अजून टेबलाला वळसा घालत असतानाच, त्याचे हात क्यूच्या मध्यावर गेले होते. भराभर पेच फिरत होता. कुणी हातातून काही हिसकावून घ्यायच्या आत लपवावं, तशी घाई. दोन्ही तुकडे मांडीवर ठेवून तो खुर्चीत मागे टेकला.

पांढरे बूट वाकले. मारला. बॉल पॉकेटाच्या ओठाला लागला, थरथरला आणि तोंडाशीच थांबला.

हॉलमध्ये एकच "अरेरे!" उठला, आणि लगेच सगळ्यांच्या माना बगळ्याकडे वळल्या. पॉकेटाच्या तोंडाशी नऊ नंबर. फुंकर मारली तरी पडेल असा. आणि त्याच्या मांडीवर क्यूचे दोन तुकडे.

पंच अवघडला. "क्यू सोडलाय," एवढंच बोलला. मग पांढरे बूट पुढे झाले. पोरगा खरंच चांगला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी काही हरकत नाही. सरांनी मला मान दिला म्हणून क्यू सोडला. सर, जोडा आणि मारा. तुमचाच बॉल आहे." पंचाने दुसऱ्या पंचाकडे बघितलं, त्याने खांदे उडवले. लोक ओरडायला लागले, "मारू द्या! मारू द्या!" दिराचा आवाज सगळ्यांच्या वर.

बगळा उठला. दोन्ही तुकडे पेटीत ठेवले, झाकण लावलं. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "मी सोडला. सामना तुझा." आणि त्याने हात पुढे केला.

मग काय विचारता! आख्खा हॉल उभा राहिला. इतक्या टाळ्या त्याला जिंकतानाही कधी मिळाल्या नव्हत्या. क्लबवाल्याने मिठी मारली. पांढऱ्या बुटांच्या डोळ्यांत पाणी. आणि या सगळ्यात तिला त्याचा चेहरा दिसला. फाशी टळलेल्या माणसाचा चेहरा होता तो. टाळ्या वाजवायच्या म्हणून तिने वाजवल्या.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये दीर थांबायचं नाव घेईना. "वहिनी, माणूस असावा तर असा. मी असतो ना, चटकन मारला असता! पण दादा म्हणजे दादा." सगळ्या नातेवाइकांना तो उद्या फोन करणार होता. मधे बसलेला बगळा काचेतून समोर बघत होता. ती खिडकीकडे बसली होती. संध्याकाळची दुकानं उघडत होती, माणसं पिशव्या घेऊन चालली होती, आणि तिला कुणाकडेच बघावंसं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर तो पलंगाच्या कडेला बसून बूट काढायला लागला. तिने पाणी आणून दिलं. ते त्याने घेतलं नाही.

"तू बघितलंस ना?" तो म्हणाला.

"काय?"

"वेड पांघरू नकोस. तू माझ्याकडेच बघत होतीस."

"हो. बघितलं." ती त्याच्या शेजारी बसली. "आठवा पडायच्या आधीच सोडलात तुम्ही. असं का केलंत हो? तो घालणारच होता की. नुसतं बसून राहायचं होतं."

"घालणारच होता," तो म्हणाला. "पण मला वाटलं, चुकला तर? चुकला तर मला उठावं लागेल."

तिला त्याचा भयंकर राग आला. दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावं इतका. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तो राग जिथल्या तिथे विरून गेला, उरलं नुसतं रडू. बाहेरच्या खोलीत तिचा फोन वाजत होता. दिराने उद्याची वाट न बघता आजच सुरुवात केली असणार.

"आणि खरंच चुकला," ती म्हणाली.

"हो ना. आणि क्यू सुटलेला होता." त्याने तिचा हात घट्ट धरला. "मला किती बरं वाटलं गं, तुला सांगता येणार नाही. आता हे सगळे मला जन्मभर मोठ्या मनाचा म्हणणार. तू तेवढी म्हणू नकोस."