पॅडलवरचा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या बापाला तर नाहीच. आज का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच बरं आहे.

आधी घर सांगतो. अंबरनाथला कारखान्यांच्या मागच्या अंगाला पत्र्याची चाळ होती, तिथे आम्ही राहायचो. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते केमिकलच्या कारखान्यात ॲसिडच्या बरण्या वाहायचे. त्यांचा एक सदरा धड नव्हता. शिंतोडे उडून जागोजाग भोकं पडलेली. आई उल्हासनगरच्या कॅम्पातून जीनच्या पँटींचे गठ्ठे आणायची आणि शिलाईचे लोंबणारे धागे कापत बसायची. तिची बोटं कायम निळी. माझ्या वह्या निळ्या. मी शिकलो तो त्या गठ्ठ्यांना टेकून. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, मग मी ओरडून पाठांतर करायचो.

बी.एस्सी. झालो. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला. आप्पा ज्या धंद्यात बरण्या वाहून वाकले, त्याच धंद्यात मी केमिस्ट म्हणून पांढरा कोट घालून लॅबमध्ये बसलो. याचा मला गर्व होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

मग शिवमंदिराच्या रस्त्याला नव्या इमारतीत ब्लॉक घेतला. आई तोवर गेली होती. आप्पांना तिथे करमेना. आम्ही बौद्ध. चाळीत त्याचं काही नव्हतं, सगळे आमच्यासारखेच. इथे कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त आमच्याकडे चहा घ्यायची वेळ आली की सगळ्यांचा चहा नुकताच झालेला असायचा. आप्पा हसून म्हणायचे, "लई चहा पितात रे ही माणसं, आपल्यासाठी जागाच उरत नाही पोटात."

एकच माणूस वेगळा निघाला. तळमजल्यावरचे टेकचंदकाका. सिंधी. फाळणीनंतर कॅम्पातल्या बराकीत वाढलेले, म्हातारपणी मुलाकडे आमच्या इमारतीत आलेले. सिंधी घरात पाहुणा आला की आधी पाणी आणि पापड पुढे करतात. काकांना रीतीपुरता पाहुणा मिळेना, म्हणून त्यांनी आप्पांना धरलं. रोज सकाळी स्टीलचा तांब्या आणि भाजलेला पापड घेऊन यायचे. आणि आमच्या माठातलं पाणीही मागून प्यायचे — ओंजळीने नाही, आमच्याच पेल्याने. "आप्पासाईं, तुमचा पाणी थंडा आहे. माझ्या घरी फ्रिज, पण त्याच्यात मजा नाय." हे ते पहिल्यांदा म्हणाले त्या दिवशी आप्पा दिवसभर खूश होते. त्यांना या इमारतीत मिळालेला तो एकच दोस्त. हे लक्षात ठेवा. मी ते विसरलो नव्हतो, हेच तर माझं पाप आहे.

पुढे मी जुनी फियाट घेतली. इमारतीतली पहिली गाडी. आणि तिची सगळी दुरुस्ती मी स्वतः करायचो. गॅरेज परवडत नव्हतं हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. पुस्तक वाचून मला करता येतं, हे मला दाखवायचं होतं. कुणाला? त्यांनाच. ज्यांचा चहा नुकताच झालेला असायचा त्यांना.

तर दर रविवारी मी गाडीखाली आणि इमारत गॅलरीत. तुम्ही कधी गाडीखाली झोपून काम केलंय? तोंडावर माती पडत असते, हात वर करून खांदे भरून आलेले असतात, आणि बाहेर चपलांचे जोड येऊन उभे राहतात. बोल्ट कुठला हे कुणालाच ठाऊक नसतं, सल्ला मात्र प्रत्येकाकडे. प्लग बदला. कार्बोरेटर उघडा. माझ्या साडूची अशीच होती, शेवटी भंगारात घातली. एक तर दर वेळी विचारायचा, "चालू होणार ना आज?" आणि पहिल्या मजल्यावरचे कर्णिक. कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सोसायटीचे चेअरमन. हातात पेपर, डोळा माझ्यावर. "गायकवाड, तुमच्याकडे हाताला सवय आहे हो, आम्हाला नाही जमायचं." साधं वाक्य आहे ना? मला ते झोंबायचं. हाताला सवय म्हणजे काय, कुणाची, कुठली — ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

मी काम अर्धवट सोडून बाहेर यायचो, उत्तर द्यायचो, परत आत जायचो. कुठवर काम झालं होतं ते विसरायचो. असं कित्येकदा झालं. मला ते कळत होतं, तरी मी तोंड बंद ठेवू शकत नव्हतो.

त्या रविवारी ब्रेकचं काम होतं. आप्पांची एक इच्छा होती — शिरगावला बहिणीच्या दारात गाडीतून उतरायचं. शिरगाव म्हणजे बदलापूर पूर्वेला, आत्या तिथे राहायची. दुपारी जायचं ठरलं होतं. आप्पा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर बसले होते. भोक नसलेला सदरा.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पॅडल दाबून धरतो. दुसरा चाकामागचा बारकासा बोल्ट पान्याने सैल करतो. ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. बोल्ट पुन्हा घट्ट करायचा, आणि मगच आतल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत शिरते. असं चारही चाकांना. आत टेकचंदकाका बसले होते. त्यांना हे काम फार आवडायचं. मी "दाबा" म्हटलं की "दाबला", "सोडा" म्हटलं की "सोडला" — शाळेतल्या पोरासारखं खणखणीत. आणि मी सांगितल्याशिवाय पाय कधी उचलायचे नाहीत. आधी विचारायचे, "सोडू का?"

शेवटचं चाक होतं. हवा निघाली. बोल्ट मी बोटांनी बसवला, आता पाना लावून आवळायचा — आणि वरून कर्णिकांचा आवाज आला.

"काय गायकवाड, गाडी चालवायची पण आहे, की तिच्याखाली नुसतं झोपायचं?"

गॅलऱ्या हसल्या. पायरीवर आप्पाही कसनुसं हसले, ते मी चाकांमधून पाहिलं. तेच सहन झालं नाही. मी बाहेर आलो, पाना हातात, आणि वर बघून म्हणालो, "कर्णिकसाहेब, तुमच्याकडे गाडी आली की तुम्हालाही खाली झोपायला शिकवीन. फी घेणार नाही."

या वेळी गॅलऱ्या कर्णिकांवर हसल्या. कर्णिकांनी पेपर वर धरला. काय सांगू तुम्हाला — इतकं गोड मला काही वाटलं नव्हतं त्याआधी. मी तिथेच उभा राहून ते हसू ऐकत होतो. गाडीतून काकांचा आवाज येत होता, "सोडू का? साईं, सोडू का?" त्यांचा पाय भरून आला असेल. मी ऐकलं आणि ऐकलं नाही. मग म्हटलं, "हां, सोडा काका, झालं." पाना पेटीत टाकला. हात पुसले.

बोल्ट आवळायचा राहिला.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणूस आहे. थांबा. मी अजून पोचलेलो नाही.

आप्पा पुढच्या सीटवर बसले. मी गाडी फाटकापर्यंत आणली, ब्रेक दाबला. पॅडल नरम लागलं. जायला हवं त्यापेक्षा खाली गेलं. मला कळलं. मी केमिस्ट आहे, नळीत दाब का राहत नाही हे मला कळत नव्हतं का? उतरायचं, वाकून एकदा चाकामागे बघायचं. पण सगळी इमारत गॅलरीत होती. आत्ताच जिंकलो होतो. आता पुन्हा उतरून त्यांच्यासमोर गाडीखाली जाऊ? मी दोनदा पॅडल मारलं, ते थोडं वर आलं. आप्पांनी खिडकीतून काकांना हात केला. काकांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. आम्ही निघालो.

बदलापूरच्या अलीकडे उतारावर पुढचा टेम्पो थांबला. मी पाय दाबला. पॅडल तळाला टेकलं. हँडब्रेक ओढला, तो पुरला नाही. मी गाडी डावीकडे वळवली — डावीकडे, म्हणजे आप्पांच्या बाजूला — आणि ती ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळली. मला खरचटलं. आप्पांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्याच टेम्पोतून त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत ते एकदाच बोलले. "ताईला कळव रे, ती वाट बघत बसंल."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गाडीपाशी गेलो. चाकाच्या आतल्या बाजूने ऑइलचा ओघळ वाळला होता. बोल्ट दोन बोटांनी फिरला. मी खिशातून पाना काढला आणि तो घट्ट आवळला. मग जीनच्या चिंधीने — घरात आईच्या वेळच्या चिंध्या होत्या अजून — तो ओघळ पुसून काढला. नीट, टायर कोरडा होईपर्यंत. गाडी तपासायला दुसरं कुणी येणार नव्हतं. माझी गाडी मीच दुरुस्त करतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

इमारतीत शिरलो तर कर्णिक जिन्यात भेटले. "असं कसं झालं हो?" मी काही ठरवून आलो नव्हतो, शपथ घेत नाही, पण ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "पॅडलवर काका होते. पाय आधीच उचलला त्यांनी. हवा शिरली."

कर्णिकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदा. "त्या म्हाताऱ्याला कशाला बसवलंत? या, चहा घेऊन जा." आणि मी गेलो. त्यांच्या घरी बसून चहा प्यालो. दोन घोट नाही, पूर्ण कप.

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. काका वर आले, दारातच उभे राहिले. "बेटा, मी पाय उचलला?"

"हो काका. तुमच्या लक्षात नसेल."

ते बराच वेळ स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू शिकलेला आहेस. तू बोलतो तर असंल." बघा, माझी बी.एस्सी. कुठे कामाला आली. त्यांचा मुलगा जिन्यात सगळ्यांदेखत ओरडला त्यांच्यावर, "काय गरज होती, पापा? घरात गप बसता येत नाय?" 

आप्पांना मी दवाखान्यात तेच सांगितलं. त्यांनी एकदा विचारलं, "टेकचंदनं?" मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. विश्वास ठेवायला त्यांना फार वेळ लागला नाही. शिकलेला मुलगा होतो मी त्यांचा. माझ्या शब्दावर तर ते जगले होते.

आप्पा घरी आले तेव्हा काका तांब्या आणि पापड घेऊन आले. ताट पुढे करून उभे. आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला म्हणाले, "त्याला सांग, पाणी नको."

ज्याने आमचं पाणी मागून घेतलं, त्याचं पाणी आप्पांनी नाकारलं. ते मी माझ्या तोंडाने त्या माणसाला सांगितलं. काका ताट घेऊन खाली गेले. तांब्यातलं पाणी जिन्यावर हिंदकळत गेलं. थोड्याच दिवसांत दुसरा मुलगा येऊन त्यांना उल्हासनगरला, कॅम्पातल्या दुकानावरच्या खोलीत घेऊन गेला. ते तिथेच वारले, असं मागाहून कळलं. पाय आपणच उचलला, हे खरं मानून वारले.

आप्पा त्यानंतर काठीशिवाय चालले नाहीत. आत्याच्या दारात गाडीतून उतरणं राहिलंच. गाडीत ते पुन्हा बसलेच नाहीत. शेवटच्या आजारात एक दिवस अचानक म्हणाले, "टेकचंद कुठं असतो रे आता?" मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. खोलीत आम्ही दोघंच. गॅलरीत कुणी नव्हतं, कुणी हसणार नव्हतं. काका तेव्हा कॅम्पात जिवंत होते, रिक्षाने जाऊन घेऊन येता आले असते. मी म्हणालो, "माहीत नाही, आप्पा."

ही माझी चूक नव्हे. चूक तो बोल्ट होता. हे मी केलं.

त्या गाडीचे ब्रेक मी पुन्हा स्वतःच केले. एकट्याने, पॅडलवर वीट ठेवून. पुढे ती गाडी मी बरीच वर्षं चालवली, ब्रेक कधी दगा देऊन गेले नाहीत. कर्णिकांनंतर सोसायटीचा चेअरमन मी झालो. एकमताने. फाटकापाशी माझ्या कमिटीच्या नावांची संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर पहिलं नाव माझं आहे. नावापुढे बी.एस्सी. लिहिलेलं आहे.