विनामोबदला म्हणजे काय

ती चौतिसाव्या वर्षी दहावीला बसत होती. माहेर पळसदेवचं, सासर कन्हेरीचं. नववीत लग्न झालं आणि शाळा तुटली. आता ती अंगणवाडीत मदतनीस होती. पुढं सरकायचं तर शिक्षण हवं, म्हणून तिने बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. अंगणवाडी सुटली की ती दुपारी बारामतीत माझ्या घरी मराठी शिकायला यायची.

उतारा ती घडाघडा वाचायची आणि प्रश्न विचारला की गप्प. निबंध गाईडमधून उतरवून आणायची. मी ते खोडायचे. उताऱ्यासाठी मी तिला चार प्रश्न घालून दिले होते: कोण, कुणाला, काय, कशाच्या बदल्यात किंवा कशासाठी.

एके दिवशी तिने पिशवीतून झेरॉक्सची चार पानं काढली. "बाई, आज ह्यो उतारा घिऊ का? सोमवारी इंदापूरला सही करायची हाय. इहिरीच्या लायटीचं हाय म्हनला दादा."

वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, हक्कसोडपत्र. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मी सांगितलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं. म्हटलं, "तूच वाच."

"लिहून देणार" पुढे तिचं नाव होतं, "लिहून घेणार" पुढे दोन्ही भावांची.

"कोण देतंय?"

"मी."

"काय?"

बोट ओळीवरून सरकत राहिलं. "वडलांच्या जमिनीतला माझा हिस्सा."

"कशाच्या बदल्यात?"

"विनामोबदला." ती थांबली. "म्हंजी फुकट?"

"हो."

"आन् हितं लिवलंय, स्वखुशीनं. मला तर कुनी इचारलंच न्हाय, बाई."

लायटीचा शब्द तिने चारही पानांत शोधला. तो नव्हता. मला वाटलं, रडेल. ती कागद घडी घालून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने निबंध आणला. धरणाचं पाणी हटलं की गाळात हरभरा पेरायला आम्ही तिघं भावंडं जायचो, पाटी डोक्यावर घेऊन मी पुढं असायचे, असं त्यात होतं. गाईडचा एकही शब्द नव्हता. मी लाल पेन खाली ठेवलं.

सोमवारी ती इंदापूरला गेली. नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात भावांसमोर तिने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि सही न करता एसटीने परत आली.

बुधवारी तिचा थोरला भाऊ माझ्या दारात उभा राहिला. पांढरे कपडे, बोलणं अगदी हळू.

"बाई, तुमी दहावीचं शिकवा. आमच्या घरात कशाला पडता?"

"मी उतारा शिकवला. तुम्ही तिच्याशी खोटं का बोललात?"

"आवो, खरं सांगितलं असतं तरी तिनं सही केलीच असती की. बायामानसांना उगं डोक्याला ताप कशाला?"

मी त्याला पायरीवरूनच जायला सांगितलं. मला सगळ्यात जास्त संताप आला तो याचा, की तो खरं बोलत होता. तिनेच नंतर मला सांगितलं, "समजावून मागितलं असतं तर दिलं असतं, बाई."

आणि मी? मी एम.ए., बी.एड. माझ्या भावाने माझ्यापुढे असाच कागद ठेवला, तेव्हा मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला होता. विनामोबदला या शब्दाचा अर्थ मला कळत होता. तरी सही केली आणि वर हसून चहा घेतला. हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

मराठीत ती चांगल्या मार्कांनी सुटली, गणितात राहिली. जमिनीचं भिजत घोंगडं पडलंय. भाच्याच्या लग्नाची पत्रिका तिला आली नाही. एवढं तिने सांगितलं. मग तिने गणिताची वही उघडली. गणित मला धड येत नाही, तरी सध्या आम्ही दोघी तेच करतोय.