माहेरचा धान

माझ्या सासूबाई जीव देतील पण बी देणार नाहीत, अशी त्यांची गावभर ख्याती होती. लग्नात ओटीतून आणलेला काळपट टरफलाचा, घमघमणारा धान त्या शेताच्या कोपऱ्यातल्या एका बांधीत लावत. आम्ही त्याला माहेरचा धानच म्हणायचो. माहेरी मात्र तो उरला नव्हता. भावांनी केव्हाच सरकारी ठेंगणा धान धरला होता. कापणीला सासूबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठाण मांडून बसत आणि घरी निघालेल्या प्रत्येक बाईला पदर झटकायला लावत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात जुन्या धानाचे नमुने गोळा करणारे साहेब जीपमधून आले. सासूबाई अड्याळच्या बाजाराला गेलेल्या. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, कोण आनंद! साहेबांनी मूठभर बी लिफाफ्यात घातलं, वर नंबर टाकला. तेवढ्यावर भागलं असतं. पण धान बघायला माणसं इतक्या लांबून येतात आणि त्याचा भात न खाता जातात म्हणजे काय? खायचा तर कधीच संपलेला. मामंजींनी बियाण्याचं मडकंच उतरवलं, गिरणीतून तांदूळ काढून आणला आणि मला चूल पेटवायला लावली. बी सांभाळायला आलेले साहेब बीच जेवून, ढेकर देऊन गेले.

सासूबाईंनी रिकामं मडकं पाहिलं. मटकन बसल्या आणि मामंजींना म्हणाल्या, "माहं माहेर खाल्लं तुम्ही."

माझे यजमान कचेरीत जाऊन आले. नमुना वर गेला म्हणे, आणि वरून खाली द्यायचा नियम नाही.

"आमचाच धान, अन् आमालेच नाही?" सासूबाईंचा हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

रोपांसाठी पऱ्हे टाकायचे दिवस आले. एका सकाळी शेजारीण, जी दरवर्षी आमच्याकडे कापणीला यायची, टोपली घेऊन दारात उभी राहिली. सासूबाईंनी मूठभर धान उचलून हुंगला.

"कोठून आणला हा?"

"तुमच्याच बांधीतला हाय, बाई. तुम्ही पदर पाहात होत्या, म्या बुचड्यात लोंब्या खोसल्या. बोडीच्या तळ्याखालच्या वावरात लावतो आता दरसाल. पोरीच्या ओटीतही घातला."

"चोट्टी कोठची!" सासूबाई कडाडल्या आणि दुसऱ्याच क्षणी तिला धरून रडू लागल्या. मलाही हुंदका आवरेना. मडकं रिकामं केल्यापासून गोठ्यात मुक्काम ठोकलेले मामंजी तेवढ्यात घरात शिरले.

त्या वर्षीच्या कापणीलाही सासूबाई धुऱ्यावर बसल्या. संध्याकाळी बाया बुचडे बांधू लागल्या, तशी त्यांनी बांधीकडे पाठ केली.

मी वळून पाहिलं, तर मलाच दटावलं, "तिकडं काय पाहून राहिली वं? इकडं पाह्य."