मुठीतला प्लग

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या अंगणात माशांचं छोटं तळं आहे. आज त्याचा फिल्टर धुवायला काढला. पंपाचं बटण बंद केलं, डब्यातला काळा पडलेला स्पंज बाहेर काढला आणि तळाचा गाळ उपसायला कोपरापर्यंत हात आत घातला.

पाण्याचा आवाज थांबला तसे व्हरांड्यात डुलकी घेत बसलेले माझे सासरे, आबा, काठी न घेताच धावत आले.

"हात काढ आधी."

"आबा, बटण बंद केलंय."

"ते कुनीबी चालू करतंय."

त्यांनी प्लग उपटला, मुठीत धरला आणि माझं आवरेपर्यंत तिथंच उभे राहिले.

पन्नासच्या दशकात, मिसरूड फुटायच्या वयात, आबा पिंपरीतल्या एका कारखान्यात लागले. तिथे बंद मशीनमध्ये शेजारच्या कामगाराचा हात होता आणि कुणीतरी बटण दाबलं. हे त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं.

"त्या दिवशी घरी काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? इशेष काय न्हाई म्हनलं."

फिल्टर पुन्हा सुरू झालाय, पाणी वाहतंय. मी मात्र घरात नुसती येरझाऱ्या घालतेय. नवरा चाकणला प्रेस मशीनवर आहे. शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये असतो, तरी तीनदा लावून झाला.

तुमच्या घरची माणसं कामावरून आल्यावर काय सांगतात? आमचा रोज म्हणतो, विशेष काही नाही.