मेंढपाळाच्या गोष्टीची वाटणी

फोन आला तेव्हा मी दुकानात होते. सेलूत आमचं मेडिकल आहे, आणि बाजारच्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. पलीकडून गंगाखेडच्या एका चित्रकाराचा थोरला मुलगा बोलत होता. या चित्रकाराच्या मागे मी कित्येक वर्षं लागले होते. मुलगा म्हणाला, "ताई, बाबा गेले, वर्षसराद बी झालं. रानाच्या वाटण्या झाल्या. आता ते चित्राचे कागद तेवढे राह्यलेत. रानाचं आमाला कळतं, कागदाचं काय कळंना. तुमी येता का किंमत लावायला?"

गेली दीड-दोन वर्षं माझं तिकडं जाणं झालं नव्हतं; म्हातारा गेला आणि मला पत्ताही नाही! वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच वेळी हावही सुटली. त्याची ती चित्रांची गोष्ट आता आपल्या घरी आणायची, असं मी गिऱ्हाइकाच्या हातात खोकल्याची बाटली देता देता ठरवून टाकलं.

मी चित्रकथांची मूळ पानं जमवते. छापलेली पुस्तकं नव्हेत. छापायच्या आधी चित्रकार जाड कागदावर शाईनं काढतो, ती पानं. त्यांच्यावर न पुसलेली पेन्सिल दिसते, चुकलेल्या नाकावर पांढरा रंग थापलेला असतो, बोलण्याचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून डिंकानं डकवलेले असतात. छापताना हे सगळं गडप होतं आणि मला नेमकं तेच हवं असतं. आमचे हे म्हणतात, "तेवढ्या पैशात सोनं घेतलं असतं तर गळ्यात तरी घातलं असतंस." मी म्हणते, "तुम्हीच घाला गळ्यात, मला माझी पानं द्या." हे भांडण इतक्यांदा झालंय की आता दोघांनाही पुढचं वाक्य पाठ आहे.

या गंगाखेडच्या माणसानं जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पण तरुणपणी त्यानं मुलांच्या एका मासिकासाठी एक लांबलचक चित्रकथा काढली होती. एका मेंढपाळाची मेंढरं चोर पळवतात, आणि तो आपल्या कुत्र्याला घेऊन बालाघाटाच्या डोंगरातून थेट गोदावरीपर्यंत त्यांचा माग काढतो. लहानपणी मी ती महिन्याच्या महिन्याला वाट बघून वाचली. पुढं पुष्कळ वर्षांनी तिचं एक मूळ पान मला नांदेडच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडं मिळालं. नदी ओलांडायचं पान. त्यात मेंढपाळाचं तोंडही दिसत नाही, नुसतं पाणी आणि भिजलेली मेंढरं. पण काय मेंढरं आहेत ती! बघणाऱ्याला थंडी वाजावी. पुस्तकवाल्यानं हीरो नाही म्हणून स्वस्तात दिलं आणि मी ते छातीशी धरून घरी आणलं.

त्यानंतर मी चित्रकाराला गाठलं. बाकीची सगळी पानं त्याच्या ट्रंकेत होती. मी विकत मागितली तर तो हसून म्हणाला, "तुजं पान तुला लाभो. बाकीचं मी जिता हाय तवर हलणार न्हाई." मी दरवर्षी जात राहिले, तो दरवर्षी चहा पाजून परत पाठवत राहिला. मीही हटले नाही आणि तोही हटला नाही.

म्हणून फोननंतरच्या रविवारी मी परभणीला गाडी बदलून गंगाखेडला उतरले, ती मनाशी पक्कं करूनच. किंमत खरी सांगायची, एक पैसा कमी सांगायचा नाही, आणि त्याच किमतीला अख्खी गोष्ट मागायची. त्यासाठी माझ्या नावची एक ठेव मोडायची तयारी होती. घरी सांगितलं नव्हतं.

घरात तिघं भावंडं होती. थोरला ऊस करतो. धाकट्याचं परभणीत मोबाइलचं दुकान आहे. मधली बहीण पेडगावला दिलेली, ती माहेरी आलेली आणि आत चहा टाकत होती. थोरल्यानं सतरंजी अंथरली, ट्रंक आणली, आणि कौतुकानं सगळ्यात वर ठेवलेलं पहिलं पान माझ्या हातात दिलं.

पान गुळगुळीत लागलं. चकाकत होतं. मी उजेडात धरलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॅमिनेशन! मूळ पान, त्या माणसाच्या हातची शाई, आणि वरून खालून गरम प्लॅस्टिक!

"हे कुणी केलं?" मी ओरडलेच.

"मीच," थोरला बिचकून म्हणाला. "बाबाचं पैलं पान हाय, टिकावं म्हून केलं. पोरांच्या शाळेच्या टीशा, सातबारा, समदं लॅमिनेशन केलंय की आमी. बाकीच्यांचं बी करायचं हुतं, पण ह्यो धाकला म्हणला आदी किंमत लावू."

"देवानंच सुचवलं त्याला!" मी म्हणाले. "आता हे निघत नाही, काढायला गेलं तर शाई उपटून येईल. जमवणारे लोक याला हात लावणार नाहीत."

माझ्या बोलण्याची मलाच लाज वाटली, कारण थोरल्यानं त्याला जे सगळ्यात मोलाचं वाटलं, त्याचंच लॅमिनेशन केलं होतं. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "मग ते माज्या वाटणीत घाला. चूक माजी हाय."

वाटणी कशी करायची ते त्यांचं ठरलेलं होतं. जशी रानाची करतात तशीच. आमच्या भागात एक भाऊ वरचं रान आणि एक भाऊ खालचं असं करत नाहीत. काळ्या रानाचे तुकडे, मुरमाड रानाचे तुकडे, बरडाचे तुकडे, प्रत्येकातलं प्रत्येकाला थोडं थोडं, म्हणजे कुणी कुणाला बोल लावायला नको. "तुमी फकस्त सांगा, कोणतं पान काळं आन् कोणतं बरड," धाकटा म्हणाला. "आमी दोगं वाटून घेतो. मुंबईचा एकजण व्हॉट्सॲपवर मागायलाय. पन त्येला हीरोवाले पानंच पाहिजेत."

"दोघं न्हाई," बहीण दारात उभी राहून म्हणाली. तिच्या हातात कपबशा होत्या. "तिघं."

धाकटा म्हणाला, "अक्का, तू हक्कसोडीची सही केलीस की."

"रानावर केली. ह्याच्यावर न्हाई करणार. मी बाबाच्या मांडीशी बसून ह्यातलं पान आन् पान सुकताना बगितलंय. तुमी दोगं बाहेर गोट्या खेळत हुता." तिनं कपबशा खाली ठेवल्या आणि सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसली. मला ती बाई फार आवडली.

थोरल्यानं मान हलवली. तीन तर तीन.

मग मी कामाला लागले. मेंढपाळ मोठा, समोरून, काठी उगारलेला, ती काळी जमीन. असं पान शहरातला माणूस डोळे झाकून घेतो. मेंढपाळ लांबून दिसतो किंवा नुसता बोलत बसलाय, ते मुरमाड. नुसता डोंगर, नुसती वाट, ते बरड. बाजार असाच चालतो, त्याला माझा इलाज नाही. पाठीमागून प्रत्येक कागद तपासला, कुठं वाळवी लागलीय, कुठं डिंक सुटलाय ते सांगितलं, आणि तिन्ही ढिगांत सारखा सारखा माल घातला. थोरल्याचं लॅमिनेशनचं पान मी बरडात टाकलं तेव्हा त्यानं दुसरीकडं बघितलं. वाटणी मात्र अशी चोख झाली की गावच्या पंचांनी नावं ठेवू नयेत.

बहिणीनं आपला ढीग मांडीवर घेतला आणि वाचायला लागली. वाचता वाचता थांबली. पान उलटलं, परत मागं गेली.

"कुत्रं भुकायलंय," ती म्हणाली. "आन् फुडच्या पानावर एकदम सकाळ. कुणावर भुकायलंय?"

"चोरावर," धाकटा आपल्या ढिगात बघत म्हणाला. "चोर माज्याकडं हायेत."

"धरतो का मग त्येन्ला?"

"धरायचं पान दादाकडं आसंल."

"म्हंजी माज्या वाटणीत चोर सापडतच न्हाई?"

धाकटा हसला. "आन् माज्या वाटणीत चोरीच झाली न्हाई! नुसतेच पळायलेत, कामून पळायलेत कुणास ठाऊक."

थोरलाही हसला. बहीण हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझं डोकं सटकलं. मी तिघांच्याही मांडीवरचे ढीग ओढून घेतले. ओढून घेतले कसले, हिसकावलेच म्हणा. आणि पानं पुन्हा ओळीनं लावायला बसले.

"ताई, हे काय करायलात?" धाकटा म्हणाला.

"तुम्ही मला पंच केलंत ना? मग ऐका. वाटण्यांत विहिरीचं काय केलंत?"

थोरला म्हणाला, "विहिरीचं काय करायचं? विहीर सामाईक असती. पाण्याची पाळी लावली."

"का? तीन तुकडे का नाही केले?"

"आवो, विहिरीचे तुकडे केल्यावर पाणी राह्यल का?"

"मग ही गोष्ट काय आहे?" मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला. "एक पान तोडलंत की गेली ती. मुंबईवाला हीरोची पानं उचलेल, बाकीची तुमच्या माळ्यावर उंदीर खातील. विकायचीच असेल तर अख्खी विका, आणि मला विका. मी आज त्यासाठीच आलेय, लपवत नाही." मग मी आकडा सांगितला. ठेव मोडावी लागणार होती, पण खरा सांगितला. धाकट्यानं मघाशी मुंबईवाल्याचा जो आकडा सांगितला होता त्यापेक्षा पुष्कळ जास्त होता. धाकट्याचा चेहरा खुलला. माझ्याही मनात आलं, झालं आपलं काम.

पण थोरला खाली बघून बोटानं सतरंजीच्या रेघा ओढत होता. तो सावकाश म्हणाला, "आमच्यात विहीर इकत न्हाईत, ताई. पाळी लावू. सालभर बहिणीकडं, मग माज्याकडं, मग ह्येच्याकडं. तुमीच दाखवलंत ते बेस झालं."

धाकट्यानं थोडी कुरकुर केली, पण थोरल्यापुढं त्याचं काही चाललं नाही. आणि मी? मीच माझ्या हातानं माझा सौदा मोडला होता! मला हसावं की रडावं कळेना. पानं फडक्यात बांधायला घेतली, तेवढ्यात बहीण म्हणाली, "ताई, ह्यात नदीचं पान न्हाई."

"ते माझ्याकडं आहे. तुला माहितीय."

"माहिती हाय, बाबानं सांगितलंय. पन मेंढरं काठावर हायेत आन् लगेच पल्ल्याड. मधी कशी गेली?"

"ते मी विकत घेतलंय. नगद मोजून," मी म्हणाले. माझ्या आवाजात धार होती.

"तुमचंच हाय, कोण न्हाई म्हणलंय? पन एक पान तोडलं की गोष्ट गेली, आसं तुमीच आता म्हणलात."

मी उठले आणि स्टेशनवर आले. परभणीपर्यंत तिच्यावर चिडत होते, परभणीपासून सेलूपर्यंत स्वतःवर. यांनी दारातच विचारलं, "मग, किती किंमत लागली?" मी म्हणाले, "जेवायला बसा गुपचूप."

मग कपाटातून नदीचं पान काढलं आणि मनाशी त्याची किंमत लावत बसले, परक्याचं पान असल्यासारखी. हीरो नाही. कोपऱ्यात पाण्याचा डाग. बाजारभावानं बरडातलं बरड, कुणी घासाघीस करूनही घेणार नाही. आणि तरी माझा जीव त्यात इतका अडकलेला की दुकानात कुणी जास्त पैसे मोजले असते तरी दिलं नसतं. त्या पानाला एवढी किंमत कशानं आली? अलीकडं मेंढपाळ हताश होऊन बसलाय आणि पलीकडं त्याला पुन्हा चोरांचा माग सापडलाय, म्हणून. अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही त्या बाईकडं होतं. माझ्याकडं नुसतीच मधली नदी होती.

पुढं बरेच दिवस मी कपाटाकडं फिरकलेच नाही. देणार नाही, असं रोज सकाळी ठरवायची, आणि रोज ते ठरवावं लागतंय याचाच राग यायचा. मी हट्टी बाई आहे, सेलूत कुणालाही विचारा. पण बोललेला शब्द गिळायची सवय मला नाही. एका सकाळी यांना म्हणाले, दुकान बघा, मी पेडगावला चाललेय.

ती शेतातून नुकतीच आलेली होती. हात धुऊन, पदराला कोरडे पुसून तिनं पान घेतलं, योग्य जागी घातलं, आणि तिथंच ओसरीत सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. मेंढरं नदी ओलांडून गेली. चोर सापडले. मी डोळे पुसत होते, ती बघत नसल्यासारखं करत होती. मग मी चप्पल घालायला उठले. म्हटलं, येते, सांभाळ, आणि देवाशपथ, लॅमिनेशन करू देऊ नकोस.

"थांबा की," ती म्हणाली. "दादाचा फोन आलता. त्यो म्हणला, ताईनं पान आणून दिलं तर तीन न्हाई, चार पाळ्या लावायच्या. माजं साल संपलं की गोष्ट तुमच्याकडं, मग दादाकडं. तुमी बी हिस्सेदार."

मी पायरीवरच बसले. माझ्या माहेरी, जिंतूरकडं, काळं रान आहे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी भावांनी कागद पुढं केला आणि मी सही केली. तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आपला काही हिस्सा आहे असं माझ्याही मनात आलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," मी तिला म्हणाले.

"काय म्हणू?"

"तेच. शेवटचं म्हणालीस ते."

ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.